भिंतीआडचे खांब

मुंबईहून हुसेनसागर एक्सप्रेसने निघालेला प्रवासी शेवटी जिथे उतरतो, त्या स्थानकाचे अधिकृत नाव हैदराबाद डेक्कन. गावाच्या तोंडी मात्र ते नामपल्लीच. १९०७ साली सुरू झालेल्या या स्थानकाभोवती जरा चक्कर मारली, तर भिंतींचे इतके प्रकार भेटतात की बांधकामाच्या विद्यार्थ्याने वही घेऊन निघावे. सार्वजनिक बागेलगतचा जुना टाऊन हॉल, म्हणजे विधानसभेची इमारत, १९१३ साली पुरी झाली. तिच्या भिंती जाडजूड, चुन्यातल्या. स्टेशन रोडवरच्या व्यापारी संकुलांत विटांच्या, सिमेंटचा गिलावा केलेल्या भिंती आहेत. त्यांच्या पोटात वकिलांनी, ट्रॅव्हल एजंटांनी आणि क्लासवाल्यांनी घातलेली जिप्समची पार्टिशने आहेत. शिवाय दर जानेवारीत एक्झिबिशन ग्राउंडवर नुमाइश भरते, तेव्हा दीडेक महिन्यापुरती प्लायवूडची दुकाने उभी राहतात.

रंगाचे दोन हात बसले की यातल्या बऱ्याच भिंती दिसायला सारख्याच. फरक कळतो तो फळी, कपाट किंवा टीव्ही टांगताना. विटांच्या भिंतीत कुठेही भोक पाडा, प्लग ठोका, स्क्रू आवळा, काम झाले. पार्टिशन आतून पोकळ असते. तिथे वजन पेलतो तो पुढचा पत्रा किंवा बोर्ड नव्हे. त्याच्या आड उभा असलेला सांगाडा पेलतो. या सांगाड्यातल्या उभ्या पट्टीला कारागीर स्टड म्हणतात. तो दिसत नाही, आणि नेमका तोच हवा असतो. भिंत न फोडता तो कसा शोधायचा, हा या प्रकरणाचा विषय.

आधी भिंत ओळखा

स्टड शोधण्यापूर्वी तो आहे का, हे ठरवावे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे टेप घेऊन दरवाजाच्या चौकटीपाशी जाणे आणि भिंतीची जाडी मोजणे. साडेचार इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंचा गिलावा धरून पाच-साडेपाच इंच भरते. जिप्समचे साधे पार्टिशन मात्र जेमतेम तीन इंच असते: मध्ये सुमारे ५० मिलिमीटरचा लोखंडी सांगाडा आणि दोन्हीकडे साडेबारा-साडेबारा मिलिमीटरचे बोर्ड. जाडी तीन-साडेतीन इंच निघाली, तर भिंत पोकळ असण्याची शक्यता दाट.

मग बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. पण इथे दोन फसवे प्रकार आहेत. पहिला म्हणजे हल्ली सर्रास वापरले जाणारे एएसी ब्लॉक. हवेचे बारीक बुडबुडे भरलेला हा ब्लॉक घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो भरतो. भाजलेली वीट त्याच्या अडीच-तीन पट जड. त्यामुळे ब्लॉकची भिंत भरीव असूनही आवाज हलका देते आणि ऐकणारा तिला पार्टिशन समजून बसतो. दुसरा प्रकार जुन्या इमारतींत भेटतो. विटेपासून गिलावा सुटला की मध्ये फट पडते आणि भरीव भिंतही तेवढ्या जागी पोकळ वाजते. गवंडी याला ‘गिलावा बोलतोय’ म्हणतात. अशा भिंतीत स्टड शोधत बसणे म्हणजे नसलेल्या माणसाचा पत्ता विचारणे.

भिंत पोकळ ठरली, तरी सांगाडा कशाचा हा प्रश्न उरतोच. जिप्समच्या मागे बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याचे चॅनेल असतात, प्लायवूडच्या मागे लाकडी पट्ट्या, आणि जुन्या सरकारी कचेऱ्यांतल्या कित्येक पार्टिशनांत ॲल्युमिनियमचे सेक्शन. पुढची पद्धत यावरच ठरते.

सांगाड्याचे गणित

पार्टिशन उभारणारा कारागीर मनाला येईल तिथे स्टड उभा करत नाही. बोर्डाची रुंदी त्याला बांधून घालते. आपल्याकडे जिप्सम बोर्ड चार फूट, म्हणजे १२२० मिलिमीटर रुंद मिळतो. दोन बोर्डांचा सांधा अधांतरी राहिला तर तडकतो, म्हणून तो स्टडवरच यावा लागतो. बोर्डाच्या मध्येही एक आधार हवा. यातून स्टडमधले अंतर ठरते: ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांतही हेच माप धरलेले असते. अमेरिकेत लाकडी घरांसाठी १६ इंचांचे अंतर रूढ आहे. तेही चार फुटांच्या बोर्डाला नेमके तिसऱ्या भागाने भागते.

खाली जमिनीवर आणि वर छताला आडवे चॅनेल ठोकतात, त्यांत हे स्टड उभे बसतात. स्टडचा छेद इंग्रजी ‘सी’सारखा असतो: एक पाठ आणि दोन बाजूंना वळवलेले ३५ मिलिमीटरच्या आसपासचे पंख. या पंखांत काळ्या रंगाचे स्क्रू मारून बोर्ड बसवतात. दोन स्क्रूंमध्ये नऊ ते बारा इंच अंतर. मग सांध्यांवर कागदी पट्टी, वर पुट्टी, घासणी आणि रंग.

आता जरा जवळून पाहा. बोर्डाच्या मधल्या स्टडवर स्क्रूंची एकच उभी ओळ असते. जिथे दोन बोर्ड भेटतात, तिथे मात्र एकाच स्टडवर दोन्ही बोर्डांच्या कडा टेकलेल्या असतात, म्हणून स्क्रूंच्या दोन ओळी शेजारी शेजारी, इंचभर अंतरावर. अशी जोडओळ सापडली, की तिथे सांधा आहे हे कळते. आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांवर पुढचे स्टड असायला हवेत. दाराच्या चौकटीशी मात्र हा हिशेब मोडतो. तिथे चौकटीला धरण्यासाठी दोन्ही अंगांना जादा स्टड दिलेले असतात, कधी आत लाकडाचा तुकडाही भरलेला असतो.

ठोकून ऐकणे

१७६१ साली व्हिएन्नात लिओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने एक लहानसे पुस्तक छापले. रोग्याच्या छातीवर बोटांनी ठोकावे आणि आवाजावरून आत हवा आहे की पाणी हे ओळखावे, असे त्यात सांगितले होते. हा ग्राझ गावातल्या खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू कुठवर आहे हे वडील ठोकून ओळखत, तिथून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. समकालीनांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १८०८ साली कॉर्व्हिझार या फ्रेंच वैद्याने पुस्तकाचा फ्रेंच अनुवाद केला, तेव्हा कुठे ही तपासणी डॉक्टरांच्या हाती रुळली.

पार्टिशनवर नेमके हेच चालते. दोन स्टडांमधला बोर्ड ठोकला की आतबाहेर लवतो, मागची हवा थरथरते आणि घुमारा येतो. स्टडवर ठोकले तर बोर्डाला लवायला वाव नसतो. आवाज आखूड आणि चढा येतो. पद्धत अशी: एकाच उंचीवर, एकाच जोराने, दोन-दोन बोटांच्या अंतराने ठोकत आडवे जावे. आवाज बदलला की पेन्सिलीने खूण. मग उलट्या दिशेने यावे आणि पुन्हा खूण. दोन्ही खुणांच्या मध्ये स्टड असावा.

‘असावा’ म्हटले, कारण कानाची अचूकता दोन-तीन इंचांपलीकडे जात नाही आणि स्टडचा पंख दीड इंचही रुंद नसतो. शिवाय पोकळीत आवाज अडवण्यासाठी काचतंतूंची गादी भरली असेल, तर सगळीच भिंत मुकी होते. ठोकणे हे गल्ली सांगते, घरनंबर सांगत नाही.

प्रकाश आणि चुंबक

घरनंबरासाठी दोन स्वस्त साधने आहेत. पहिले टॉर्च. खोलीत अंधार करावा, टॉर्च भिंतीला टेकवून प्रकाश भिंतीलगत सरपटत जाईल असा धरावा. समोरून सपाट दिसणारी भिंत अशा तिरप्या उजेडात आपली सगळी गुपिते उघडी करते. स्क्रूंवर भरलेल्या पुट्टीचे किंचित खोलगट ठिपके, सांध्यावर आलेला बारीकसा फुगवटा, घासणीचे पट्टे. एका उभ्या रेषेत तीन-चार ठिपके दिसले, तर काम अर्धे झाले.

दुसरे चुंबक. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचे जोरकस चुंबक १९८०च्या दशकात आले आणि आता स्पीकरपासून पर्सच्या बटणापर्यंत सगळीकडे असतात. बटणाएवढे चुंबक दोऱ्याला बांधून किंवा कापडात गुंडाळून भिंतीवरून हळूहळू फिरवावे. पुट्टीच्या एक-दोन मिलिमीटर थराखाली स्क्रूचे डोके आले, की ते चटकन ओढले जाते. तिथेच खूण करून चुंबक सरळ वर-खाली न्यावे. नऊ ते बारा इंचांवर दुसरा स्क्रू, मग तिसरा. तीन स्क्रू एका उभ्या रेषेत आले की ओळंबा सोडून पाहावे. तिन्ही खुणा ओळंब्याच्या दोरीखाली आल्या, तर ती स्टडची रेषा.

एकच स्क्रू सापडला तर मात्र थांबावे. जुन्या कॅलेंडरचा मोडका खिळाही चुंबक ओढतो. आपल्याकडच्या गिलाव्यात आणखी एक फसगत असते. सिमेंटचा खांब आणि विटेची भिंत जिथे भेटतात, तिथे गिलाव्याला तडा जाऊ नये म्हणून आत लोखंडी जाळीचा पट्टा घालतात. तिच्यावर चुंबक जागोजागी चिकटते आणि ‘स्टड सापडला’ असा भास होतो. जाळीची खूण अशी की ओढ वीतभर रुंदीत सगळीकडे लागते, एका रेषेत नाही. उलट सांगाडा ॲल्युमिनियमचा असेल, तर चुंबकाला त्याचा पत्ताच लागत नाही. तिथे फक्त लोखंडी स्क्रू हाताला लागतील, तेही असलेच तर.

यंत्राची साक्ष

न उघडता आत पाहण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग क्ष-किरणांचा. नामपल्लीच्या सार्वजनिक बागेतल्या राज्य संग्रहालयात इजिप्तची एक ममी आहे. नैशू या राजकन्येची म्हणून ती ओळखली जाते. तिच्या जतनाच्या कामात आतली अवस्था पाहण्यासाठी क्ष-किरणांचाच आधार घेतला गेला. घरातल्या पार्टिशनसाठी कोणी एवढा घाट घालत नाही. पण अंगठ्याएवढ्या सेन्सरवर चालणारे हातातले यंत्र आता हार्डवेअरच्या दुकानात आणि ऑनलाइन सहज मिळते.

त्याची मूळ कल्पना रॉबर्ट फ्रँकलिन या अमेरिकन अभियंत्याची. १९७८ साली तिला पेटंट मिळाले. यंत्राच्या पाठीला धातूच्या लहान पट्ट्या असतात. त्या आणि समोरची भिंत मिळून विद्युतभार साठवतात. किती भार साठेल, हे पट्ट्यांसमोर कोणता पदार्थ आहे यावर ठरते. बोर्डाच्या मागे नुसती हवा असेल तर कमी, लाकूड किंवा धातू आला की जास्त. हा बदल टिपून यंत्र दिवा लावते. म्हणजे यंत्र स्टड ओळखत नाही. आधीच्या जागेपेक्षा इथे काही वेगळे आहे, एवढेच सांगते.

म्हणून ते कुठे ठेवून सुरू केले, याला महत्त्व. स्टडवरच टेकवून बटण दाबले, तर यंत्र त्याच जागेला ‘रिकामी’ धरते आणि पुढे सगळे उलटे दाखवते. पावसाळ्यात ओल धरलेली भिंतही त्याला चकवते, कारण पाणी विद्युतभाराच्या हिशेबात लाकडापेक्षा कितीतरी जड. जाळीवर केलेल्या गिलाव्यापुढे तर ते हात टेकते, सगळीकडेच धातू.

धातू शोधणाऱ्या यंत्राची अशी फजिती इतिहासात एकदा मोठ्या प्रसंगी झाली. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती शरीरात कुठे अडकली आहे हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपले विद्युत यंत्र घेऊन गेले. यंत्राची तत्त्वे बरोबर होती, आधीच्या चाचण्यांत ते चाललेही होते. पण अध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी शोध शरीराच्या एकाच बाजूपुरता ठेवला होता. गोळी सापडली नाही. सप्टेंबरात गारफिल्ड गेले. गिलाव्यातली जाळी म्हणजे आपल्या भिंतीतली ती गादी.

एक भिंत, पायरीपायरीने

समजा, स्टेशन रोडवरच्या एका संकुलात दुसऱ्या मजल्यावर २९०० मिलिमीटर लांबीचे पार्टिशन आहे आणि त्यावर फायलींची फळी लावायची आहे. दाराशी जाडी मोजली, ७५ मिलिमीटर. ठोकल्यावर घुमते. म्हणजे बोर्ड आणि चॅनेल.

आता कागदावर दोन शक्यता मांडू. कारागिराने डावीकडून सुरुवात केली असेल, तर स्टड ६१०, १२२०, १८३० आणि २४४० वर. उजवीकडून केली असेल, तर डावीकडून मोजता ४६०, १०७०, १६८० आणि २२९० वर. दोन्हींत दीडशे मिलिमीटरचा, म्हणजे सहा इंचांचा फरक. एवढा फरक कानालाही कळतो. ठोकत गेल्यावर आवाज ६००च्या आसपास चढला. पहिली शक्यता वर आली. चुंबक तिथे फिरवले, ६०५ वर स्क्रू, त्याच्या खाली अकरा इंचांवर दुसरा, पुढे तिसरा. ओळ एकेरी. मग १२२० वर गेलो तर दोन ओळी शेजारी शेजारी. सांधा. गणित, कान आणि चुंबक, तिघांचे एकमत झाले.

नामपल्लीच्या फौजदारी न्यायालयात एकट्या साक्षीदाराच्या भरवशावर निकाल देताना न्यायाधीश दहादा विचार करतात. ड्रिल हातात घेणाऱ्यानेही तसेच करावे. मात्र साक्षी खरोखर वेगवेगळ्या हव्यात. चुंबक आणि धातुशोधक यंत्र दोघेही धातूच शोधतात. जाळीने एकाला फसवले तर दुसऱ्यालाही फसवेल. कान भिंतीचा ताठपणा ऐकतो, गणित कारागिराची सवय सांगते. चुका करण्याची कारणे ज्यांची वेगळी, त्यांचे एकमत मोलाचे.

शेवटी बारीक टोच्याने किंवा दोन मिलिमीटरच्या बिटने एक भोक. बोर्ड संपला की हात आत गेला, तर चुकले. धातूवर कुरकूर लागली आणि बिटवर चकाकता कीस आला, तर बरोबर.

सापडला, पण पेलेल का?

एक फूट खोल फळी, वजन फायलींसकट २० किलो. वजन भिंतीपासून सरासरी १५ सेंटिमीटरवर आहे आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंत २० सेंटिमीटर अंतर. खालचे टोक भिंतीला रेटते, वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. ओढ किती? २० गुणिले १५ भागिले २०, म्हणजे १५ किलो; दोन ब्रॅकेटांत वाटून साडेसात. हे जमते. आता १२ किलोचा टीव्ही पुढे ओढता येणाऱ्या हातावर, भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर, पाटी तेवढीच २० सेंटिमीटरची. ओढ २७ किलो. टीव्ही फळीपेक्षा हलका असूनही भिंतीला जवळपास दुप्पट जड. कोणी हात धरून फिरवला की आणखी.

पत्र्याच्या स्टडची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यात लाकडाचा स्क्रू धरत नाही; पत्र्यासाठीचा, स्वतःच भोक पाडत जाणारा स्क्रू हवा. तोही पंखाच्या मोकळ्या कडेला मारला तर पंख मागे वळतो आणि स्क्रू नुसता फिरतो. पाठीच्या बाजूला मारला तर घट्ट बसतो. जड वस्तू असेल तर एकाच स्टडवर भार न टाकता दोन स्टडांना जोडणारी प्लायवूडची पट्टी बाहेरून लावावी आणि वस्तू तिच्यावर टांगावी. ओढता हात, गिझर, भरलेले कपाट अशा गोष्टी पार्टिशनवर न लावलेल्याच बऱ्या.

वायर कुठून गेली आहे

स्टडच्या पाठीला ठरावीक अंतरावर भोके असतात आणि वायरींचे पाइप त्यांतूनच आडवे नेतात. स्विचबोर्डाच्या थेट वरचा आणि थेट खालचा पट्टा, तसेच दोन बोर्डांना जोडणारी आडवी रेषा, या जागी भोक पाडू नये. काम करताना त्या खोलीचा एमसीबी पाडावा. बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खोली ठरवावी: बोर्ड आणि पत्रा मिळून १५ मिलिमीटर पुरेत.

१९३८ साली सार्वजनिक बागेत सुरू झालेली आणि १९४६ पासून सध्याच्या मैदानावर भरणारी नुमाइश ३० जानेवारी २०१९च्या रात्री आगीत सापडली आणि अनेक दुकाने जळाली. लाकूड, प्लाय आणि कापडाच्या आडोशांत आग किती झपाट्याने पळते, हे त्या रात्री साऱ्या शहराने पाहिले. जिप्समच्या वजनात पाचव्या हिश्शाइतके पाणी स्फटिकात बांधलेले असते, म्हणून तो आगीला काही काळ थोपवतो. प्लाय थोपवत नाही. भिंत प्लायची असेल, तर वायर सोलली जाणार नाही याची काळजी दुप्पट घ्यावी.

बोर्ड चढण्यापूर्वी

शोधाशोधीची ही सगळी यातायात होते ती सांगाडा आधी झाकून मग आठवतो म्हणून. जुन्या घरांत ही वेळ येत नसे. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात भार पेलणारे सागवानी खांब भिंतीलगत उघडे उभे असत. काय कुठे टांगायचे ते डोळ्यांना दिसे. कोकणात आणि सह्याद्रीच्या अंगाला कारवीच्या काठ्यांचा कूड बांधून त्याला माती-शेणाने लिंपत. कूड स्वतः वजन घेत नाही, हे घरातल्या पोरालाही ठाऊक. जड वस्तू मेढीला किंवा तुळईला लटकायची. मातीच्या जाड भिंतीत खुंटी आणि कोनाडे बांधतानाच ठेवत. कुठे काय टांगायचे, हा प्रश्न भिंत उभी राहण्यापूर्वीच सुटलेला असे.

नवे पार्टिशन घालताना तेच करता येते. टीव्ही, फळ्या, कपाटे यांच्या जागा कारागिराला आधी सांगाव्यात, म्हणजे तो तिथे दोन स्टडांमध्ये १८ मिलिमीटरचा प्लाय भरून ठेवतो. खर्च किरकोळ, आणि मग त्या पट्ट्यात कुठेही स्क्रू मारा. एका बाजूचा बोर्ड चढला आणि दुसरी बाजू उघडी आहे, अशा वेळी भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढावेत, आकडे स्पष्ट दिसतील असे. वायरींचे पाइपही त्यातच येतात. छापील प्रत इमारतीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी, कारण भाडेकरू बदलतात, मोबाइल बदलतात, भिंत तिथेच राहते. पुढच्या भाडेकरूला मग चुंबक शोधावे लागणार नाही. फाइल उघडून टेप लावला की झाले.